जुळवून घ्यावं, पण आधी कुणी?

16 एप्रिल 2025 रोजी पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, राज्यभर विरोध झाला आणि 29 जूनला सरकारनं माघार घेतली. निर्णय गेला, वाद राहिला. मराठी येत नाही म्हणून मुंबईच्या आसपास दुकानदारांना मारहाण झाल्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले आणि तो वाद कोल्हापूरच्या कट्ट्यांवरही येऊन बसला. इथं त्याचा पसारा मोठा आहे. भाषेबरोबर खाणं, बोलण्याची ढब, सण, शेजार, सगळंच त्यात ओढलं जातं. एक बाजू म्हणते, कोल्हापुरात राहायचं तर कोल्हापूरकरासारखं राहा. दुसरी म्हणते, देश एक आहे, कुणी कुठंही जाईल, कसंही राहील, विचारणारे तुम्ही कोण? दोन्हीकडचा आवाज मोठा आहे, पण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. बाहेरून आलेला माणूस म्हणजे नेमका कोण? शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरणारा बिहारी कामगार आणि याच शहरात बदलीवर आलेला बँकेचा अधिकारी, या दोघांना एकच नियम लावायचा का?

माझं म्हणणं असं आहे. नव्या ठिकाणी गेलेल्या माणसानं जुळवून घ्यायला हवं, यात वाद नाही. पण ती जबाबदारी सगळ्यांवर सारखी नाही. ज्याच्या हातात स्थानिक माणसाचं काम अडवण्याची ताकद आहे, त्याच्यावर ती सगळ्यात जास्त. ज्याच्यापुढं इथल्या बाईला अर्ज घेऊन उभं राहावं लागतं, ज्याला आजार सांगावा लागतो, ज्याच्या सहीवर कर्ज, पगार किंवा दाखला अवलंबून आहे, त्यानं मराठी शिकलीच पाहिजे आणि इथली रीत समजून घेतलीच पाहिजे. ज्याच्याकडं फक्त मजुरी करणारे दोन हात आहेत, त्याला शिकवण्याची जबाबदारी आधी शहराची. आणि कुणी घरात काय बोलतो, काय शिजवतो, कुठल्या देवाला हात जोडतो, यात कुणालाच नाक खुपसायचा अधिकार नाही.

आज आपण नेमकं उलटं वागतो. गुजरीत सोन्याचं काम करणारा बंगाली कारागीर मराठी बोलतो. रंकाळ्यावर गाडी लावणारा उत्तरेकडचा माणूस मराठीत तिखट किती टाकू म्हणून विचारतो. त्याचं व्याकरण मोडकं असेल, पण तो बोलतो, कारण गिऱ्हाईक तुटलं तर त्याची चूल पेटत नाही. पोटच त्याला शिकवतं. तरी ‘मराठीत बोल’ हा दम आपण त्यालाच देतो. जिना जसजसा वर चढत जाईल तसतसा आपला आवाज खाली येतो. कंपनीचा मॅनेजर पाच वर्षं इथं राहून एक वाक्य मराठी बोलत नाही, आणि त्याच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या आपण स्वतःहून हिंदीवर येतो. त्याला कुणी विचारलंय? भाषेचा अभिमान हा जर खरोखर भाषेचा असेल, तर तो हातगाडीपाशी जागा होऊन काचेच्या केबिनपाशी झोपी का जातो?

हे फक्त आपल्या स्वभावातलं नाही, व्यवस्थेतच आहे. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीत त्या त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता येणं ही अट आहे आणि त्यासाठी वेगळी परीक्षाही होते. प्रोबेशनरी ऑफिसरच्या भरतीत ही अट नाही. म्हणजे पैसे मोजून देणाऱ्याला मराठी यायला हवी, कर्ज मंजूर करणाऱ्याला नाही आली तरी चालेल. कारण समजण्यासारखं आहे, अधिकाऱ्याची बदली देशभर होते. पण त्याचा भार कुणावर पडतो? पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी गोठ्यासाठी कर्ज मागायला येतो, तेव्हा गोठा का हवा, म्हशी किती, दूध कुठल्या संस्थेला घालतो, हे सगळं त्याला अशा भाषेत सांगावं लागतं जी तो टीव्हीवर ऐकतो पण आयुष्यात बोललेला नाही. त्याच्या अडखळण्याचा अर्थ समोरचा माणूस स्वतःच्या मनानं लावतो, आणि कागदावर उतरतो तो तोच अर्थ.

बदली होते म्हणून भाषा शिकता येत नाही, हे कारण टिकत नाही, कारण याच देशात याच्या उलट उदाहरण आहे. भारतीय प्रशासन सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्याला ज्या राज्याचं केडर मिळतं तिथली भाषा शिकावी लागते, परीक्षा द्यावी लागते. तमिळनाडूचा मुलगा महाराष्ट्रात येतो आणि दोन वर्षांत ग्रामसभेत मराठीत बोलतो. लोक त्याचे उच्चार मनावर घेत नाहीत, उलट त्याचं कौतुक करतात. जिल्हाधिकाऱ्याला जमतं ते शाखाधिकाऱ्याला का जमू नये? जमत नाही असं नाही, मागितलंच जात नाही.

दवाखान्याची गोष्ट याहून गंभीर आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळं वॉर्डात रात्रंदिवस राबणारे कितीतरी निवासी डॉक्टर परराज्यातले असतात. ते हुशार असतात, मेहनती असतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण चंदगड किंवा गगनबावड्याच्या वाडीवरून आलेली साठीची बाई जेव्हा अशा डॉक्टरपुढं बसते, तेव्हा मध्ये वॉर्डातले मामा दुभाषे होतात. परक्या पुरुषाच्या मार्फत ती आपलं दुखणं किती सांगेल? अर्धं गिळते. गिळलेल्या अर्ध्यात कदाचित खरा आजार असतो. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला आता जागा मिळाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तशीच सोय का नसावी? छत्तीस तासांची ड्युटी करणाऱ्या पोरांनी भाषा कधी शिकायची, असं कुणी विचारेल. रास्त आहे. म्हणूनच ती ड्युटीच्या वेळात, अभ्यासाचा भाग म्हणून शिकवायला हवी. ती त्यांची हौस नव्हे, उपचाराचं साधन आहे.

आता पहिल्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं घेऊ. मराठीबद्दलची भीती खोटी नाही. मुंबईत मराठी माणसाला दुकानात, लोकलमध्ये, स्वतःच्या सोसायटीच्या बैठकीतही मराठी सोडून बोलण्याची सवय लागली, आणि ती कुणा एका हुकुमानं लागली नाही, सगळ्यांच्या सोयीनं लागली. कोल्हापुरात तसं होणार नाही, अशी खात्री कोण देणार? दुसरी भीती मजुरीची. कमी पगारात, जास्त तास, न कुरकुरता राबणारा माणूस मिळाला की कारखानदार गावातल्या पोराला दारात उभं करत नाही. ही तक्रार करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या गावागावांत ऐकू येते, आणि ती हलकी समजू नये.

पण या दोन्ही भीतींचा बाण कुठं लागायला हवा? मजुरी पाडणारा कामगार नसतो, मजुरी ठरवणारा असतो. किमान वेतन, जादा कामाचा दुप्पट मोबदला, भविष्य निर्वाह निधी हे ओडिशाच्या कामगारालाही नीट मिळालं, तर त्याला ‘स्वस्त’ म्हणून ठेवण्याचं कारणच उरत नाही, आणि गावातल्या पोराला बरोबरीनं उभं राहता येतं. म्हणजे परप्रांतीय कामगाराचा हक्क राखणं हे स्थानिक कामगाराच्याच फायद्याचं आहे. भाषेचंही तसंच. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. त्याच वर्षी आपल्यातल्या किती घरांनी मुलाचं नाव मराठी शाळेत घातलं? पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांच्या बाकांवर आज जी मुलं बसतात, त्यांत मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलंही आहेत. ती मराठीतून पाढे पाठ करतात, मराठीतून प्रार्थना म्हणतात. आपण ज्यांना मराठीचा धोका म्हणतो, त्यांची मुलं मराठी शाळेचा पट टिकवायला हातभार लावत आहेत. भाषा तिथून ओसरते जिथं सत्ता, पैसा आणि प्रतिष्ठा असते, आणि तिथं भेळवाला बसलेला नसतो.

दुसऱ्या बाजूच्या हातात संविधान आहे. कलम 19 प्रमाणं प्रत्येक नागरिकाला देशात कुठंही फिरण्याचा आणि कुठंही स्थायिक होण्याचा हक्क आहे. हा हक्क मौल्यवान आहे आणि तो मी मनापासून मानतो. याच हक्कानं आपली मुलं बंगळुरूला, हैदराबादला जातात. तिथं कुणी त्यांना ‘कन्नड येत नाही तर चालते व्हा’ म्हटलं की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण राहण्याच्या हक्कातून स्थानिक भाषा कधीच न शिकण्याचा हक्क निघतो का? कुठं राहावं हे स्वातंत्र्य नागरिक म्हणून आहे. सरकारी किंवा सार्वजनिक खुर्चीवर बसल्यावर तुम्ही फक्त नागरिक राहत नाही, समोरच्याच्या हक्काचे राखणदार होता. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. मराठीत व्यवहार करता येणं हा इथल्या माणसाचा हक्क आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. ‘हिंदी तर सगळ्यांनाच येते’ हे वाक्य शहरातल्या शिकलेल्या माणसाचं आहे. ते दाजीपूरच्या जंगलालगत राहणाऱ्या धनगर आजीला विचारून बनवलेलं नाही.

या सगळ्यात आपल्याला आपल्याच इतिहासाचा विसर पडतो. मराठी माणूसही ताकद घेऊन परमुलखात गेला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले. ते जिंकून आलेले, त्यांना कोण जाब विचारणार होतं? तरी त्यांचे पुत्र शहाजीराजे तेलुगूत नाटकं लिहीत होते, दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी एकत्र नांदत होत्या. सरफोजींच्या काळात बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, आणि सरस्वती महालात जमा झालेल्या ग्रंथांत तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी अशा किती भाषांची पोथी-पानं आहेत. तंजावरचे मराठी आजही घरात त्यांची मराठी बोलतात. बाहेर तमिळ, घरात मराठी, तीनशेहून जास्त वर्षं. कुणाचं काय बुडालं? बडोद्याचंही बघा. कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड गुजराती प्रजेचे राजे झाले, ते गुजराती शिकले, आणि 1906 मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या शाळांतून गुजराती मुलं गुजराती शिकली. राजानं प्रजेची भाषा शिकायची, हा नियम आपल्याच लोकांनी पाळला आहे. मग मराठी मुलखात बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याकडून तीच अपेक्षा ठेवली तर ती संकुचित कशी? आणि तंजावरच्या मराठ्यांनी घरात मराठी जपली याचा अभिमान वाटत असेल, तर गांधीनगरच्या सिंधी घरात सिंधी बोलली जाते याचं कुणाला का खुपावं?

गांधीनगरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती कोल्हापूरची आहे आणि आपल्या नव्या पिढीला अर्धवट माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार झालेले पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला त्यांची छावणी वसली. 1943 ते 1948 या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांच्या शाळा पोलिश, चर्च त्यांचं, नाटकं त्यांची. त्यांनी मराठी शिकावी, असा आग्रह कुणी धरल्याचं ऐकिवात नाही, आणि धरण्याचं कारणही नव्हतं. ती घर हरवलेली माणसं होती, परत जायच्या आशेवर जगत होती, आणि त्यांच्या हातात कुणा कोल्हापूरकराचं काही अडकलेलं नव्हतं. पुढं ती माणसं जगभर पांगली, पण कोल्हापूरला विसरली नाहीत. महावीर उद्यानात त्यांची स्मृतिशिला आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरची. पोलिश गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. तेही घर हरवलेलेच, पण परत जाण्याची वाट बंद झालेले. इथंच राहायचं म्हटल्यावर त्यांनी काय केलं? व्यापार उभा केला, गिऱ्हाइकाची भाषा शिकले, घरची जपली. आज लग्नाचा बस्ता बांधायला जिल्ह्यातली माणसं गांधीनगरला जातात आणि मराठीत घासाघीस करून येतात. एकाच जागेवर लागोपाठ आलेल्या या दोन समाजांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पाहुण्याकडून आणि स्थायिक होणाऱ्याकडून सारखीच अपेक्षा ठेवायची नसते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

इथं कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, राजा सांगेल तसं प्रजा वागत होती. ठीक आहे, मग राजाकडंच वळू. शाहू महाराजांचं नाव या वादात दोन्हीकडून घेतलं जातं, पण त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते कुणी सांगत नाही. खेड्यातून शिकायला शहरात येणारा बहुजन मुलगा हासुद्धा त्या काळचा ‘बाहेरून आलेला’च होता. शहराची भाषा वेगळी, जेवणाची पंगत वेगळी, रीत वेगळी. महाराजांनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. काही वर्षांत तिथं प्रामुख्यानं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. ‘सगळे सारखे, सगळ्यांनी एकत्र जुळवून घ्या’ असं म्हटल्यावर जुळवून घेण्याचा सगळा भार दुबळ्यावर पडतो आणि शेवटी तो निघून जातो, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी वाट बदलली. 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांना त्यांनी जागा, पैसा आणि आधार दिला, आणि कोल्हापूर वसतिगृहांचं शहर झालं. जातवार वसतिगृहांनी जात आणखी पक्की झाली, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यात काही तथ्यही आहे. पण ती वसतिगृहं नसती तर पहिल्या पिढीतली ती मुलं शहरात टिकलीच नसती. आधी पाय ठेवायला जागा, मग मिसळणं. आपण आज मिसळण्याची अट आधी घालतो आणि जागा देतच नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण लोक हमखास देतात. ते द्यायलाही हवं. जयपूरकडचा हा गायक शाहू महाराजांच्या आश्रयाला आला, महाराजांच्या निधनापर्यंत दरबारात राहिला, आणि त्यांच्या गायकीनं मराठी मुलखाचे कान घडवले. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, आणि धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्यापाशी शिकले. खाँसाहेबांनी ब्रज बंदिशी सोडून अभंग गायला हवे होते का? उलट कोल्हापूरनंच ऐकायला शिकून घेतलं. कुस्तीचंही तेच. खासबागेत 1912 मध्ये मैदान झालं ते उत्तरेकडच्या मल्लांना गावाबाहेर ठेवून झालं नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत लातूरचं, सोलापूरचं, कर्नाटकातलं पोरगं एकाच हौद्यातली माती अंगाला लावतं. आपण ज्याला अस्सल कोल्हापुरी म्हणतो त्यातलं बरंच काही आलेल्या माणसांनी घडवलं आहे. ज्या चपलेवर या शहराचं नाव आहे, तिचं भौगोलिक मानांकनही 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून मिळालं. आणि शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी कुठं मिळाली? 1919 मध्ये, कानपूरला, कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत. आज शिरोलीत भट्टीपुढं उभा असलेला कामगार ज्या उत्तर प्रदेशातून येतो, त्याच मातीतल्या शेतकरी समाजानं दिलेली पदवी आपण दर 26 जूनला अभिमानानं उच्चारतो.

तरीही ‘संस्कृती जुळवून घेणं’ याची व्याख्या करायला हवीच, नाहीतर ज्याला जे वाटेल ते तो त्यात भरतो. तांबडा-पांढरा ओरपता येणं ही कोल्हापूरकर होण्याची परीक्षा नव्हे. कुणी मांस खात नसेल तर न खावो. पण शहरात नव्या झालेल्या इमारतीत ‘मांसाहारी कुटुंबांना घर नाही’ असं सांगितलं जात असेल, तर ते जुळवून घेणं नाही, शहराला स्वतःसारखं व्हायला भाग पाडणं आहे, आणि तसं करणाऱ्याकडं पैसा आहे म्हणून आपण गप्प राहतो. पुण्या-नाशिकहून आलेले मराठी लोकही काही वेळा इथल्या बोलीवर नाक मुरडतात. बाई ‘मी आलो’ म्हणते, अनोळखी माणूस पहिल्या भेटीत ‘काय भावा’ म्हणून खांद्यावर हात ठेवतो, हे त्यांना अडाणीपणाचं वाटतं. त्यांनी तसं बोलावं असं कुणी म्हणत नाही. पण त्या बोलण्यातली आपुलकी ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळखायला थोडं थांबून ऐकावं लागतं. मराठी बोलणाऱ्यालाही कोल्हापूर शिकावं लागतं, एवढं तरी यातून कळायला हरकत नाही.

मग नव्या माणसानं शिकायलाच हवं असं काय आहे? माझ्या मते, ज्यावर सगळ्यांचं एकत्र जगणं अवलंबून आहे ते. 2019 चा आणि 2021 चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर गेलं की धोका, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा किती वेळात फुगेल, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. जुन्या कोल्हापूरकराला आकडा ऐकला की कुठल्या गल्लीत पाणी शिरेल ते कळतं. नदीकाठच्या स्वस्त खोलीत सात जण मिळून राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांना हे कोण सांगतं? दवंडी मराठीत, फोनवरचा निरोप मराठीत. त्यांना मराठी कळणं हा अस्मितेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही, कारण रात्री दोन वाजता बोट घेऊन त्यांना काढायला तालमीचीच पोरं जातात. जी मराठी माणसाला पुरातून बाहेर काढते, ती त्याला दम देऊन शिकवायची की जवळ बसवून?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झाल्यापासून हा प्रश्न आणखी मोठा होणार आहे. सहा जिल्ह्यांचे पक्षकार, वकील, कर्मचारी इथं येतील, काही कायमचे राहतील, त्यांच्यामागोमाग हॉटेलं, बिल्डर, कंपन्या येतील. येणाऱ्यांत ताकदवान माणसं जास्त असतील. त्यांच्याशी बोलताना आपण पहिल्या दिवसापासून मराठीत, आदरानं आणि न कचरता बोललो नाही, तर पुढं हातगाडीवाल्यांवर कितीही राग काढला तरी उपयोग नाही.

आणि आपल्या वाट्याचं? भाड्यानं खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव, दुसरा जात, तिसरा गाव. ज्याला घर मिळत नाही तो आपल्यासारख्याच घर न मिळालेल्यांच्या घोळक्यात राहतो, आणि मग आपणच म्हणतो, हे लोक मिसळत नाहीत. शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं, एवढंच केलं असतं तर ते दान झालं असतं. महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावला. मिसळायला सुरुवात कुणी करायची, याचं उत्तर त्यांनी दिलेलं आहे: ज्याच्याकडं आधीपासून जागा आहे त्यानं.

केरळमध्ये 2017 साली पेरुंबावूरला, जिथं बंगाल-ओडिशा-आसामचे कामगार मोठ्या संख्येनं आहेत, राज्याच्या साक्षरता मिशननं स्थलांतरित कामगारांना मल्याळम शिकवण्याचा ‘चंगाती’ उपक्रम सुरू केला. केरळला मल्याळमचा अभिमान आपल्या मराठीच्या अभिमानापेक्षा कमी नाही, म्हणूनच त्यांनी वर्ग भरवले. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींपासून सुरुवात करता येईल. शिकवायला मराठीत पदवी घेऊन रिकामी बसलेली मुलं शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आहेत, त्यांना मानधन द्यावं. पुस्तकात कामगाराला रोज लागणारी मराठी असावी: दवाखाना, रेशन, पगाराची पावती, पुराचा इशारा. खर्च कारखानदारांच्या संघटना आणि महापालिका, जिल्हा परिषद यांनी वाटून घ्यावा, कारण या कामगारांच्या घामावर दोघांचंही उत्पन्न उभं आहे. वर्ग कामाच्या वेळेतच भरला पाहिजे. बारा तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस रात्री बाराखडी गिरवायला येणार नाही. आणि त्या तासाची मजुरी कापायची नाही.